वहिनीला न विचारलेला प्रश्न

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आई शेवटची अंथरुणावर होती तेव्हा एकदा ओठांपर्यंत आलं होतं — आणि मी चमच्याने तिच्या तोंडात पाणी घातलं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांमध्ये माझं नाव फार चांगलं आहे. सगळ्यांची कामं करणारी, दवाखान्यात रात्रंदिवस बसणारी ताई. ते नाव मला अजूनही प्रिय आहे, हेही आधीच सांगून टाकते.

आम्ही मूळचे दोंडाईच्याकडचे. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सुरतेत लिंबायतला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. दादा पावरलूमच्या खात्यात मागावर कामाला, आई घरी बसून साड्यांचे धागे कापायची. वहिनी — मंगल तिचं नाव — खेड्यातून लग्न करून थेट त्या गल्लीत आलेली. तिला अहिराणीखेरीज काही येत नव्हतं. आणि मी? मी गुजराती शाळेत बारावीपर्यंत शिकलेली. रेशनचं दुकान असो, बँक असो, डॉक्टर असो — पुढे मी. शेजारपाजारचेसुद्धा मला हाताला धरून न्यायचे. समोरचा गुजरातीत काय बोलला ते मी सांगेन तेच, असं सगळे धरून चालायचे. कधी कुणी उलटून विचारलं नाही. मला त्याची चटक लागली होती हो. दुसऱ्यांच्या वतीने बोलायची चटक काही वेगळीच असते.

वहिनीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे तिच्या माहेरी झालं. दोन दिवस अडली होती. पोरगा वाचला, तीही वाचली, पण त्या दोन दिवसांचं नाव काढलं की तिचे हात थंड पडायचे. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा बाळंतपण सुरतेतच करायचं ठरलं. एकदा नळावर पाणी भरताना ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, इचारतीन तर सांगी द्या — कापा म्हना, पन त्या कळा नको माले." मी हो म्हटलं. हंडा डोक्यावर घेता घेता, अगदी सहज हो म्हटलं.

आता आखाजीबद्दल सांगावं लागेल. तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणाल. आम्हा खानदेशी मुलींना दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. त्या दिवसांत चुलीला हात लावायचा नाही, पाणी भरायचं नाही. कडूनिंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, सगळ्या मामेबहिणी-मावसबहिणी एका अंगणात झोपायच्या. माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं, म्हणजे कुमारिका म्हणून माझी ती शेवटची आखाजी. बांगड्या आणून ठेवल्या होत्या — मोरपंखी. ट्रंकेतून काढून मी त्या रोज बघायचे. वहिनीचे दिवस उलटत चालले होते आणि आखाजी जवळ येत होती. ही बाई बाळंत होते की नाही वेळेवर? — असं मी मनात म्हणायचे. एवढ्यावरून माझी जात कळली ना तुम्हाला?

दवाखान्यात त्या सकाळी आत आम्ही दोघीच गेलो. आई बाहेर नातवाला घेऊन बसली होती, दादा पाळीवर होता. जाताना तो एवढंच म्हणाला होता, डॉक्टर काय सांगते ते तू नीट समजून घे आणि वहिनीला सांग. डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, माणूस चांगल्या, घाई नसलेल्या. त्यांनी पोट तपासलं, सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि मला समजावून सांगितलं. दिवस वर गेलेत, आता थांबता येणार नाही. बाळ बऱ्यापैकी मोठं दिसतंय. दोन वाटा आहेत. आज सलाईनमधून औषध देऊन कळा आणायच्या. मागचं मूल नीट झालंय, तेव्हा यातूनही होऊ शकेल, पण बाळ मोठं असल्यामुळे शेवटी अवघड जाण्याची भीती आहे. नाहीतर उद्या सकाळी ठरवून सिझर करायचं. त्यालाही त्याचे त्रास आहेत, टाक्यांचं दुखणं आहे, पुढे सांभाळावं लागेल. मागच्या वेळी हिने फार सोसलंय, म्हणून मी एकटी ठरवणार नाही. मग वहिनीकडे बोट करून त्या मला म्हणाल्या, "एने पूछ, एनी शुं मरजी छे."

तिची मर्जी काय आहे ते तिला विचार. एवढंच माझं काम होतं.

विचारण्याचीही गरज नव्हती खरं तर. तिचं उत्तर माझ्याजवळ आधीपासूनच होतं ना? नळावर दिलेलं? पण माझ्या डोक्यात काय होतं सांगू? सिझर झालं की बाई दीड महिना वाकत नाही, जड उचलत नाही. आईचे गुडघे गेलेले. म्हणजे नळ माझ्यावर, स्टोव्ह माझ्यावर, पोराचं सगळं माझ्यावर. साधं बाळंतपण झालं की पाचवी पुजून मी मोकळी — आमच्या गल्लीत असाच हिशोब चालायचा. त्या खुर्चीत बसून मी मोरपंखी बांगड्यांचा विचार केला. खोटं सांगत नाही. आता तरी नाही.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हनस डॉक्टरीन?"

मी सांगितलं, सलाईनचा बाटला लावून कळा आणायच्या म्हणतेय. ऑपरेशनचं तिने विचारलं, तर म्हटलं, त्याची गरज नाही म्हणाली. वहिनीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, पुन्हा सोडलं आणि मान हलवली. डॉक्टरनेच ठरवल्यावर ती काय बोलणार होती? मी डॉक्टरीणबाईंकडे वळले आणि तिच्या तोंडचं म्हणून सांगितलं, "ए कहे छे, बाटलो चडावो."

किती सोपं होतं. दोघींच्या मध्ये मी एकटीच तर होते.

 दिवसभर ती आत ओरडत होती. मी बाहेर बाकावर होते, आईला चहा आणून देत होते. संध्याकाळी डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. नर्सा धावल्या. आतून डॉक्टरीणबाईंचा वाढलेला आवाज आला. मूल निळं झालं होतं, मग रडलं. मुलगी. आई देवाला हात जोडत होती तेव्हा नर्सने सांगितलं की डावा हात हलत नाहीये. शीर ताणली गेली होती. हळूहळू येईल म्हणाले, आणि आलाही थोडासा. बोटं मिटतात, पण हात खांद्याच्या वर जात नाही. वैशाली नाव ठेवलं तिचं. तिची वेणी मोठेपणीही दुसऱ्या कुणीतरी घालून द्यायची.

सिझर केलं असतं तर हे टळलं असतं का? बहुतेक. डॉक्टरीणबाईंनी मात्र खात्रीने काही सांगितलं नाही. त्या 'बहुतेक'ला मी बरीच वर्षं धरून बसले. पण प्रश्न तो नाहीच ना? विचारलं तिला होतं, आणि उत्तर मी दिलं.

एवढ्यावर थांबले असते तरी... नाही थांबले. घरी आल्यावर आईने विचारलं, बाटला लावायचं कुणी ठरवलं? वहिनी समोर खाटेवर होती, पोरीच्या हाताला तेल चोळत होती. मी म्हटलं, "वहिनीलाच विचारलं होतं." वहिनीने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तेल चोळू लागली. त्या दिवसापासून आई मरेपर्यंत घरात एकच पालुपद होतं — "इनीच मांगा बाटला." पोरीने ताट सांडलं की तेच. शाळेत मुलं चिडवायला लागली की तेच. दादासुद्धा एकदा म्हणाला. वहिनीने एकदाही तोंड उघडलं नाही, आणि मीही नाही.

आणि हो, त्या आखाजीला मी गेले. पाचवी झाली आणि उधना स्टेशनवरून गाडीत बसले. आईच म्हणाली, पोरीने दवाखान्यात फार केलं, जाऊ दे तिला. वहिनी बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली, "जा ताई, आखाजी वरीसमा एकदावच येस." मी झोके घेतले, गाणी म्हटली, बांगड्या वाजवल्या. मजा आली का? आली. हे सांगताना मला माझीच शिसारी येते, पण आली.

माझं लग्न सुरतेतच झालं. मला मूल व्हायच्या वेळी माझ्यापुढेही हाच प्रश्न आला. कळा आणायच्या की ठरवून सिझर? मी क्षणभरही विचार केला नाही, सिझर म्हटलं. मला विचारलं ना त्यांनी, मला कळणाऱ्या भाषेत! आणि दीड महिना माझ्याकडे येऊन कोण राहिलं? वहिनी. मला वाकू दिलं नाही, बादली उचलू दिली नाही. माझ्या बाळाला ती अंघोळ घालायची, त्याचे दोन्ही हात वर करून ताणायची आणि माझ्याकडे न बघता बराच वेळ चोळत राहायची. मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे.

वैशाली शाळेत जायला लागल्यानंतरच्या एका आखाजीला आम्ही सगळे गावी गेलो होतो. कडूनिंबाला झोका बांधला होता. तिला बसायचं होतं, पण झोक्याला दोर दोन असतात. ती उजव्या हाताने एक दोर धरून खालीच उभी राहिली. पोरी खिदळायला लागल्या. मी ओट्यावर बसले होते. वहिनी सगळ्यांसमोर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "एकलीले नही जमस तिले. तुमी धरा, ताई."

ती रागाने म्हणाली नाही. मग कसं म्हणाली ते मला आजही सांगता येणार नाही. मी उठले, झोक्यावर बसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही दोर धरले. वहिनी मागून झोका देत होती. सुरतेत वाढलेली पोर ती, हसत हसत गुजरातीत ओरडत होती — आत्या, हजी ऊंचे, हजी ऊंचे! 'अजून उंच' एवढं गुजराती वहिनीला एव्हाना कळत होतं. ती आणखी जोरात झोका द्यायला लागली.

वहिनी अजून लिंबायतलाच आहे, वैशाली तिच्याजवळच असते. सणाला गेले की दोघी मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी जेवते. वहिनी म्हणाली होती, कापा म्हणा, पण कळा नको. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ते सांगितलं नाही, कारण मला झोका खेळायला जायचं होतं.