फुलाचे कांदे

पानं वाळली की पार्वताबाई अंगणातले मे फुलाचे कांदे उपटते, त्यांना फुटलेली छोट्या कांद्यांची पिल्लं सोडवते आणि वरठीच्या बाजारात विकते. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फूल देणारा हा कांदा विषारी असतो, पण दिसतो थेट भाजीच्या कांद्यासारखा; फक्त चिरला तर डोळे झोंबत नाहीत. यंदा गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून तिनं वरची मातीही धुऊन काढली होती.

बाजारात मुलीला टोपलीपाशी बसवून ती चहाला गेली. परतली, तर टोपली रिकामी. तृप्ती खुशीत होती.

"आई, एका बाईनं सारेच नेले. मनली, भजे मस्त होतीन."

"अन् तू काय मनली?"

"मी हासली. मजाक करून राहिली होती ते."

"तुले कसं माहीत? तू निसतं कांदे मनली, का फुलाचे कांदे?"

"निसतं कांदे मनली. हिरवं पातळ होतं तिचं."

पार्वताबाई अनवाणीच धावली. हिरवं पातळ, एवढीच खूण. भाजीवाले झाले, तेलवाले झाले. शेवटी करडी गावाला जाणाऱ्या ऑटोत ती बाई दिसली.

"बाई, ते कांदे खायाचे नाहीत!"

"अवो, माह्या माहेरी फुलतेत हे. पोरीची गंमत केली मी." बाई हसली, ऑटो सुटला.

"तरी घरच्याइले सांगजा!" पार्वताबाई मागून ओरडली.

संध्याकाळी स्वयंपाकाला तिनं कांदा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी विळीवर चिरला. डोळे झोंबले, पाणी आलं, तेव्हा कुठे ती चुलीकडे वळली.