कानबाईच्या दिवशी लपवलेलं रक्त

हा अनुभव लिहायचं मी आठ वर्षं टाळत आलो. लिहायला बसलो की मन म्हणे, देवीची कृपा तेवढी लिही, आपली चूक गाळून टाक. पण चूक गाळली की कृपा कुणावर झाली तेच कळत नाही. आता माझं वय एक्क्याऐंशी. म्हणून दोन्ही लिहितो.

आमचं गाव खानदेशातलं रनाळे. श्रावणात आमच्या घरी कानबाईचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन दळायचे, नारळाची देवी सजवून बसवायची आणि सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून त्या पिठाचे रोट खायचे. सोवळं कडक. थोरला म्हणून पूजेला मी बसतो.

त्या वर्षी रोटांच्या चार दिवस आधी नंदुरबारला माझी प्रोस्टेटची बायोप्सी झाली. डॉक्टरांनी समजावलं होतं की काही दिवस लघवीत रक्त दिसेल, जळजळ होईल, पाणी भरपूर प्या. पण लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर तडक या. सोबत मुलगा होता. त्याला मी तंबी दिली की घरी रक्ताचं नाव काढायचं नाही. रक्त म्हणजे विटाळ, आणि विटाळ असलेल्याने देवीपुढे बसायचं नाही, हा नियम मीच आयुष्यभर सगळ्यांना लावला होता.

खरं सांगायचं तर मला त्या रक्ताचं कुतूहलच वाटायचं. पहिल्या दिवशी रंग डाळिंबाच्या रसासारखा, दुसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखा. दर अर्ध्या तासाला कळ यायची, चार थेंब पडायचे आणि मिरची लागल्यासारखी आग व्हायची. मोरीत उभा राहून मी विचार करायचो, हे रक्त आणि बाईचं रक्त, देवी यांत फरक करत असेल का? करत असेल तर कशावरून?

हा प्रश्न उगाच पडला नव्हता. त्याच्या पंधरा वर्षं आधी, अशाच रोटांच्या दिवशी, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला, इंदूला, मी भाऊबंदांसमोर चुलीवरून उठवलं होतं. तिची पाळी आली होती आणि तिने रोटांची कणीक मळली होती. ती सगळी कणीक मी गाईला घालायला लावली, तिला दोन दिवस गोठ्यात बसवलं. पुढच्या वर्षी भाऊ मूत्रपिंडाच्या आजाराने गेला, आणि गावभर झालं की इंदूने देवीला विटाळलं म्हणून नवरा गेला. खरी गोष्ट अशी की इंदूने कणकेला हात लावण्याआधीच माझ्या बायकोला सांगितलं होतं. हात कमी पडत होते म्हणून बायकोनेच तिला, "कर तू, कोनले सांगू नको," असं म्हटलं होतं. त्याच संध्याकाळी बायकोने हे मला रडत सांगितलं. मी गप्प राहिलो. थोरल्या घराची अब्रू राहिली, धाकटीची गेली.

बायोप्सीनंतरच्या त्या रविवारी, रोटांच्या दिवशी, पूजेला बसलो तेव्हा सकाळपासून कळ येत होती, पण थेंब पडत नव्हता. ओटीपोट दगडासारखं झालं होतं. दोनदा उठून मोरीत गेलो, तसाच परत आलो. आरतीला अजून दोन तास होते. म्हटलं, तेवढा वेळ काढू. मुलगा पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेला होता.

तिसऱ्यांदा बाहेर आलो तर मोरीच्या दाराशी इंदू उभी. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलत नाही. इतक्या वर्षांत तिने माझ्याशी जे काय बोलायचं ते पोरांच्या तोंडून किंवा भिंतीकडे पाहून. त्या दिवशीही पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, पण तोंड माझ्याकडे होतं. माझ्या मोरीकडच्या फेऱ्या आणि जोर करताना धोतराला लागलेला रक्ताचा डाग तिला दिसला होता.

"भाऊ, लघवी बंद व्हई गई का?"

मी मान हलवली.

"मंग दवाखानामा चला. आरती नंतर व्हई."

मी पुटपुटलो की देवी बसली आहे, मी रक्ताचा, आता उठलो तर सगळ्यांना कळेल.

"माय रगत देखत नही, भाऊ. मानूस देखस. मी तीन महिना यास्नी पिशवी बदली शे, माले कळस."

माय म्हणजे देवी, आणि 'यास्नी' म्हणजे माझ्या भावाची, शेवटच्या आजारात लावलेली लघवीची पिशवी. तिने माझ्या एका पुतण्याला हाक मारून मोटार काढायला लावली, आणि भाऊबंदांना इतकंच सांगितलं की थोरल्या भाऊंना चक्कर येतेय. माझ्या रक्ताची गोष्ट तिने कुणाजवळ काढली नाही.

दवाखान्यात नळी घातली. रक्ताची गुठळी अडकली होती ती निघाली, आणि पिशवी भरू लागली तसा मी लहान मुलासारखा रडलो. पुढे तपासणीत कॅन्सर निघाला नाही. पण मला कृपा वाटते ती त्याची नाही. इतकी माणसं घरात असताना लघवी अडल्याचं ओळखणारी एकच बाई होती, आणि ती त्याच वेळी मोरीच्या दाराशी आली. का आली, हे मी अजून शोधतोच आहे. देवीने पाठवली म्हणावं तर देवीला ती बाई कशी चालली, असा प्रश्न मलाच पडतो. आणि उत्तर एकच सुचतं, की नियम माझा होता, देवीचा नव्हता. त्या दिवशी पूजेवरून उठलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी देवीवर सोडलं. ते सोडल्यावरच वाट मोकळी झाली.

पुढच्या रोटांना भाऊबंदांसमोर सगळं सांगायचं ठरवलं होतं. पंगत बसली, आणि जीभ उचलली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दरवर्षी मी देवीपुढे कबूल करायचो आणि माणसांपुढे गप्प बसायचो. एकदा इंदूच्या घरी गेलो, तर मी दिसताच तिने रीतीप्रमाणे पदर ओढला आणि आत गेली. मी ओट्यावर पाणी पिऊन परत आलो. दोन वर्षांपूर्वी थंडीत इंदू वारली. ओट्यावरून हाक मारून जे म्हणायचं होतं ते असं होतं: इंदू, तू आधीच सांगेल व्हतं. माले मालूम व्हतं. मी गप ऱ्हायनू. चूक तुन्ही नही, मन्ही शे.