उजवीकडची लाल खूण

उजवीकडची खूण लाल होती आणि ती मी पाहिली होती. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. शोरूममध्ये नाही, घरी बायकोलाही नाही.

गाडी डिलिव्हरी बेमध्ये उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढच्या चाकांखाली लिंबं. मागच्या डाव्या दारातून मी अर्धा आत शिरलेला, एक गुडघा सीटवर, डोकं छताला टेकलेलं, आणि दोन्ही हातांनी लहान मुलाची कारसीट मागे रेटत होतो. घामाने चष्मा घसरत होता. बाहेरून गिऱ्हाइकाच्या सासूबाई, माई, म्हणत होत्या, "अहो भैया, जरा जल्दी करा की. मुहूर्त निघून चाललाय."

मी झाशीत एका मोटारींच्या शोरूममध्ये डिलिव्हरी बघतो. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी तपासायची, सांगितलेलं सामान बसवायचं, सगळं समजावून किल्ली द्यायची. बावीस वर्षं हेच करतोय. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. इकडे तिला अक्ती म्हणतात. मे महिन्यातलं ऊन, आणि दुपारी बाराच्या आत अकरा गाड्या बाहेर काढायच्या होत्या. ही सहावी.

गाडी मृणालची. ती मूळची सांगलीची, लग्न होऊन झाशीत आलेली, इथे एका बँकेत नोकरी करते. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आम्हीही तसेच. आम्हा मराठी लोकांना गावात अजून दक्षिणी म्हणतात, आणि आमच्या घरातल्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. त्यामुळे बुकिंगच्या दिवशी मी मराठीत बोललो तेव्हा मृणालचा चेहरा एकदम खुलला. "काका, इथे शोरूममध्ये मराठी! मग आता मला काळजी नाही."

हे वाक्य मला पाठ आहे.

कारसीट तिने स्वतः मागवली होती. मुलगी अडीच वर्षांची, मिनू. घरात यावरून बरंच झालं असावं, कारण माई माझ्यादेखतच म्हणाल्या, "आमची चार पोरं मांडीवर बसूनच मोठी झाली. कुणाला बांधून नव्हतं ठेवलं."

मृणाल हसली. "माई, तेव्हा तुम्ही टांग्यातून जात होता."

"टांग्यातून तरी कोण पडलं?"

माईंनीही एक हट्ट पुरवून घेतला होता. गाडीच्या मूळ सीटवर जाड रेक्झिनची कव्हरं चढवायची. नव्या गाडीची गादी मळता कामा नये. आमच्याकडे दहापैकी नऊ गिऱ्हाइकं हे मागतात आणि आम्ही आनंदाने देतो. अडचण इथेच होती.

थोडं समजावून सांगतो. आजकालच्या गाड्यांत मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत लोखंडाच्या दोन जाड कड्या असतात. थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या. या सोयीला आयसोफिक्स म्हणतात. कारसीटला खालून दोन हात असतात. ते हात फटीत घालून रेटले की कड्यांना धरतात आणि 'खट्' असा आवाज येतो. प्रत्येक हातावर नखाएवढी खिडकी असते. पकडलं नसेल तर तिच्यात लाल दिसतं, पकडलं तर हिरवं. शिवाय कारसीटच्या वरून एक पट्टा निघतो. तो मागे नेऊन सीटच्या पाठीमागच्या हुकाला अडकवायचा, म्हणजे ब्रेक लागला की कारसीट पुढे झुकत नाही. दोन हिरवे आणि एक ताणलेला पट्टा. संपलं.

डावीकडे खट् झालं. हिरवं आलं. पट्टाही मी नीट ओढून घेतला. उजवीकडे काही केल्या होईना. कव्हराचं शेपूट त्या फटीत खोचलेलं होतं आणि त्याची घडी नेमकी उजव्या कडीवर आली होती. मी बोटाने चाचपून पाहिलं. काय करायला हवं ते मला माहीत होतं. कारसीट काढायची, कव्हर सोडायचं, दोन ठिकाणी कापून पुन्हा चढवायचं. अर्धा तास.

तेवढ्यात मॅनेजर सक्सेना साहेब काचेच्या दारातून मला ओरडले, "पंडितजी! अभी तक छठी में ही अटके हो?"

"बस हो गया, सर।"

असं म्हणून मी कारसीट आणखी एकदा रेटली. ती कव्हरच्या घडीत घट्ट रुतून बसली. हलवून पाहिली, हलली नाही. खिडकी लालच. मनात म्हटलं, आज काय, देवळापर्यंत जातील आणि घरी. उद्या बोलावून घेतो आणि नीट करतो. मग कारसीटच्या कापडाची कड खाली ओढली आणि ती खिडकी झाकली.

मृणाल दाराशी आली होती. तिने सूचनांचं पुस्तक दोनदा वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते. वाकून म्हणाली, "काका, मी एकदा बघू का? दोन्हीकडे हिरवं दिसायला हवं ना?"

"अगं, मी बघितलंय."

"बघितलंत ना? मग झालं."

ती सरळ उभी राहिली. तिने पाहिलं नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तिने पाहिलं असतं.

नारळ फुटला, फोटो निघाला. मिनूला कारसीटमध्ये बसवून पट्टे लावले. तिच्याशेजारी माई बसल्या, पुढे मृणालचा नवरा समीर, आणि चालवायला स्वतः मृणाल. माईंनी काच खाली केली. "चला, मानिक चौकातून पेढे घेऊ आणि थेट गुरसराय. तिथल्या मारुतीला गाडी दाखवायची म्हणून बोललेय मी."

गुरसराय. म्हणजे कानपूरचा हायवे आणि पुढे आतला रस्ता. दीड तास तरी.

त्या क्षणी मी हात वर करायला हवा होता. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत पंधरा-वीस सेकंद होती. मी हात वर केलाही. लोकांना वाटलं, निरोप देतोय.

सातव्या गाडीचं काम सुरू केलं. गिऱ्हाइकाला वायपर दाखवताना मी हेडलाइटच लावले. मृणालला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती चालवत होती, उचलणार कशी! फॉर्मवर समीरचा नंबर नव्हता. तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती उचलणार नाही याचं मला थोडं बरंही वाटतंय. उचलला असता तर काय सांगणार होतो?

यात अर्धा तास गेला होता. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीची किल्ली उचलली.

"पंडितजी, कहाँ चले? लाइन लगी है यहाँ!"

"एक काग़ज़ रह गया उनका, सर। अभी आया।"

ते मानिक चौकात पेढ्यांसाठी थांबणार हे माहीत होतं. अक्तीच्या गर्दीत तिथून निघायला वीस-पंचवीस मिनिटं लागणारच. मी शहराबाहेरून थेट हायवे गाठला. रस्ता मोकळा होता, ऊन डांबरावर हलत होतं. पुढे दिसेल ती प्रत्येक पांढरी गाडी मला त्यांचीच वाटे. जवळ जाऊन बघावं तर हार नाही. एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेत लहान मुलाचं डोकं दिसलं. मी हॉर्न वाजवत पुढे गेलो. वेगळंच मूल होतं, मला वेडावून दाखवत होतं. समोरचा ट्रक किंचित थांबला तरी मी मनात मिनूची कारसीट फिरताना बघत होतो.

चिरगाव यायच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला चार-पाच माणसं उभी दिसली. आणि हार दिसला.

गाडी फारशी चेपली नव्हती. एक नीलगाय आडवी आली, मृणालने पूर्ण ब्रेक मारला, डावं चाक रस्त्यावरून उतरून खड्ड्यात गेलं. एवढंच. दुसऱ्या कुणाला खरचटलंही नव्हतं. मी दार उघडून उतरलो आणि कान देऊन उभा राहिलो. आधी काहीच ऐकू येईना. मग मिनूचं रडणं ऐकू आलं. इतकं गोड काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि असं लिहायचीही लाज वाटते.

कारसीट डाव्या हातावर दाराच्या बाजूला वळलेली होती. मिनूचा डावा खांदा दारावर आपटला होता. ती हात हलवू देत नव्हती. माई "अरे देवा, अरे देवा" एवढंच म्हणत होत्या. समीर पट्ट्याचं बक्कल शोधत होता, त्याला ते सापडत नव्हतं. मी त्याला बाजूला केलं, बक्कल सोडलं, मिनूला उचलून मृणालकडे दिलं.

आणि मग मी दुसरी गोष्ट केली. वाकून कारसीटच्या डाव्या हाताची सोडायची कळ दाबली. हिरव्याचं लाल झालं; आता कुठली बाजू आधीपासून सुटी होती ते कुणाला कळणार नव्हतं. वरचा पट्टाही काढला आणि कारसीट उचलून डिकीत टाकली. समीर म्हणाला, "रहने दीजिए न काका, बाद में देखेंगे।" मी म्हटलं, "बसायला जागा होईल." आम्ही तर मी आणलेल्या गाडीतूनच जाणार होतो. त्या जागेची कुणालाच गरज नव्हती.

मीच त्यांना झाशीला इस्पितळात आणलं. गळ्याखालचं हाड, कॉलरबोन, चिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड लवकर जुळतं, डोक्याला लागलं नाही हे नशीब. वरचा पट्टा नीट होता म्हणून डोकं वाचलं. तेवढं एक काम मी धड केलं होतं.

बाकावर मृणाल माझ्या शेजारी बसली होती. ओढणीला रक्त नव्हतं, तरी ती ओढणी चोळत होती. "काका, तुम्ही तिथे कसे आलात?"

"तुझा एक कागद राहिला होता."

"देवासारखे आलात." मग म्हणाली, "पेढे घेतल्यावर मी मिनूला पाणी पाजलं. तेव्हा वाकले होते. माझा हात कुठल्या कळेला लागला असेल का?"

मी म्हणालो, "आता ते नको काढूस."

समोर उभ्या माई तेवढंच ऐकायला थांबल्यासारख्या म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते. तिला चालवायची हौस, वरून ते नवं खेळणं."

मिनूचं हाड महिन्याभरात जुळलं. आता ती शाळेत जाते. मृणालने त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. बँकेत रिक्षाने जाते. गाडी सर्व्हिसिंगला समीर आणतो आणि मी काउंटरखाली काहीतरी शोधत बसतो. दर दिवाळीला तिच्याकडून फराळाचा डबा येतो, वर चिठ्ठी: 'काकांना'. बायको म्हणते, किती जीव लावते ही मुलगी. त्या डब्यातली चकली मी आजवर तोंडात घातलेली नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगतो. मोबाइलवर तिचं नाव आलं की आधी चार रिंग वाजू देतो, मग मी उचलतो.

मागच्या महिन्यात ती स्वतः शोरूममध्ये आली, मिनूला घेऊन. म्हणाली, "काका, परत शिकावं म्हणते. पण चौकात सिग्नलला ब्रेकचा विचार केला तरी हात गार पडतात. तुम्ही सीट बसवली होती, तुम्हीच सांगा. माझ्याकडूनच सुटली ना ती?"

मिनू टेबलावरची गाड्यांची पत्रकं मोजत होती.

मी म्हणालो, "किती जुनी गोष्ट. विसर आता."

ती म्हणाली, "हो, काका," आणि गेली. तिच्या "हो, काका"ने मला लिहायला बसवलं.

या कामातलं एवढंच सांगू शकतो. कारसीट बसवून दिली की मी आता किल्ली देत नाही. आधी आईबापाला वाकायला लावतो. दोन्ही खिडक्या त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या, मग कारसीट बुडाशी धरून जोरात ओढायची. बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त हलली तर काढून पुन्हा. सीट कव्हर असेल तर त्या दोन जागा आधी कापतो, मग कुणाचा मुहूर्त जावो. एखादा म्हणतोच, "काका, तुम्ही बघितलंत ना, मग बस झालं." त्याला सांगतो की मी बघितलंय याला काही अर्थ नाही. त्याला तो माझा विनय वाटतो.

मृणाल, तुझा हात कुठल्याही कळेला लागला नव्हता. उजवी बाजू लागलेलीच नव्हती. ते मला माहीत होतं आणि मी ते झाकलं.

हे कागदावर लिहून झालं. तिच्या घरी जाऊन, माईंच्या समोर, तोंडाने सांगायचं अजून बाकी आहे.