आबांच्या पोथीतल्या टिकल्या

कांचघर मोहल्ल्यातल्या बाबारावांचा आवाज म्हणजे फॅक्टरीचा भोंगा. दर श्रावणात ते घरी पोथी वाचायचे. पोथी पणजोबांच्या हातची: शब्दाला शब्द चिकटलेला, ओवी संपली की दोन उभ्या रेघा, बस. श्वास कुठं घ्यायचा ते वाचणाऱ्यानं आपलं बघावं. बाबाराव तीन ओव्या एका दमात म्हणायचे, मग नाक ओढून, "हां, तर..."

यंदा न्यूमोनियानं छातीतली हवाच काढली. "मोबाइलवर लावून देऊ ना पोथी," सून क्षमा म्हणाली. बाबारावांनी पोथी परत रुमालात बांधली. जेवलेही नाहीत.

वाचनाच्या सकाळी त्यांनी रुमाल सोडला अन् उडालेच. पोथीवर तिचीच मोठ्या अक्षरांतली झेरॉक्स, अन् ओळीओळीवर लाल टिकल्या!

"काहून वं नेहा? पोथीचं लगीन लावून राहिली काय?"

"माझं टिकल्यांचं पाकीट!" क्षमा ओरडली.

नात दात काढत पुढं आली. "आबा, ग्रीक लोकांत एक लायब्ररीवाले भैया होते, बहुत पुराने. ते लोक पण सगळं चिपकूनच लिहायचे. त्यांनी ठिपके दिले. खाली, मधे, वर. कुठं जरासं थांबायचं, कुठं जास्त. आपल्या मराठीत तर फुलस्टॉप छापखान्यासोबत आला. म्हणून मी टिकल्या लावल्या. लहान टिकली, छोटा श्वास. मोठी टिकली, पाणी."

"तुले काय माहीत मी कुठं श्वास घेतो?"

हे नकलाकार नेहाला विचारायचं नसतं. तिनं नाक ओढलं, "हां, तर..." आणि समोर हुबेहूब बाबाराव! सगळे खदखदले. "हे झाले पिछले साल वाले. आता यंदाचे," म्हणत तिनं दुसरे बाबाराव काढले. तीन शब्द, धाप. चार शब्द, धाप. कोणी हसलं नाही. पोरगी महिनाभर दाराआडून त्यांचा सराव ऐकत होती तर.

बाबारावांनी चष्मा पुसला आणि सुरू केलं. लहान टिकलीला थांबले, मोठीला घोट घेतला. शेवटच्या पानावर एका लांब ओवीत मात्र टिकलीच नव्हती. दम संपला, आवाज बसला. क्षमाचा हात मोबाइलकडे गेला. तेवढ्यात मागून जोरात नाक ओढल्याचा आवाज आला, "हां, तर..."

बाबाराव हसले. हसता हसता श्वास मिळाला, अन् पोथी पार पडली.

आरतीआधी त्यांनी हात पुढं केला. "क्षमा, पाकीट दे." त्या ओवीच्या मधोमध त्यांनी स्वतः टिकली दाबली. मोठीच.

"पुढच्या श्रावणाले लागंन," म्हणाले.