निष्कर्ष सांगणारी बाई

दापोलीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात दीप्ती तांबेला सगळे 'प्रोजेक्टवाली' म्हणत; कागदावर ती समन्वयक. संशोधनासाठी दिल्लीहून येणारा निधी ठरल्या कामालाच लागतोय ना, हे बघणं तिची नोकरी. शेवटचं प्रोजेक्ट होतं डोंगरातल्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांच्या रक्तदाबाचं. दीप्ती दर महिन्याला नर्सला घेऊन जाई, दाब मोजून होई, गोळ्या वाटून होत.

मग अभ्यास संपला. संचालक डॉ. गोंधळेकर म्हणाले, "बायकांना तसं कळवा. आभारही माना."

दीप्तीनं बायकांना समाजमंदिरात बोलावून आभार मानले. पुढच्या महिन्यापासून आम्ही येणार नाही, असंही सांगितलं. सखू मांडवकर नावाच्या आजी पुढेच बसल्या होत्या.

"गो बाय, अभ्यास आमच्यावरच व्हता ना?"

"हो आजी."

"मी तर आजून मेले नाय. मंग संपला कसा?"

दीप्तीनं पुन्हा आभार मानले.

दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मंजुरीचे कागद काढले. 'निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचवणे' या सदरातल्या निधीला कुणी हातच लावला नव्हता. ती गोंधळेकरांकडे गेली.

"सर, निष्कर्ष दर महिन्याला सांगू या."

"एकदा सांगून कळणार नाहीत?"

"कळतील. पटायला वेळ लागतो."

"आणि दाब मोजायचं यंत्र?"

"उदाहरणादाखल."

गोंधळेकरांनी सही केली, आणि गोळ्या हॉस्पिटलच्या धर्मादाय खात्यातून द्यायला सांगितल्या.

निष्कर्ष साधे होते. गोळी चुकवू नका, सुकी मासळी कमी खा. बायका ते ऐकत आणि दंड पुढे करत. सुक्या बांगड्याचा निष्कर्ष सखूआजींना काही केल्या मान्य झाला नाही.

पावसाळ्यानंतर दिल्लीहून एक अधिकारी तपासणीला आले. समाजमंदिरात मागे खुर्चीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "तेच ते निष्कर्ष दर महिन्याला कशाला?"

दीप्ती बोलणार, एवढ्यात नर्सनं हाक मारली. सखूआजींचा दाब तिनं दुसऱ्यांदा मोजला होता. आजी ओशाळून म्हणाल्या, "ह्यो हात उचलत नाय गो." शब्दही जड येत होते.

वाडीत त्या वेळी गाडी एकच होती, साहेबांची. साहेब पुढे बसले. मागे दीप्तीनं आजींचं डोकं मांडीवर घेतलं. घाटाच्या वळणांवर आजी झोपू नयेत म्हणून ती एकसारखी बोलत राहिली. दुसरं काही सुचेना, म्हणून निष्कर्षच सांगत राहिली.

आजी हॉस्पिटलात वेळेत पोहोचल्या. महिन्याभरात आजींचा हात बराच सुधारला. भाकरी थापता येते, फक्त गोल होत नाही.

साहेबांनी अहवालात लिहिलं : 'निष्कर्ष-प्रसाराचं काम समाधानकारक. वाहनाची तरतूद करावी.' मुदत वाढली, गाडी मंजूर झाली. समन्वयकाचा पगार मात्र त्या सदरात बसत नव्हता. मार्चअखेर दीप्तीची नोकरी गेली.

आता ती एका काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. वाडीवर जायच्या दिवशी रजा टाकून हॉस्पिटलच्या गाडीपाशी येऊन उभी राहते. पहिल्या खेपेला गोंधळेकर अडचणीत पडले.

"तुम्हाला कागदावर दाखवू कशात?"

"श्रोत्यांत दाखवा, सर," दीप्ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.