बिल्ला नंबर दोनशे सतरा

त्या मंगळवारी रोहिदासच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. चाकणच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाची मापं तपासली, आणि स्वतःचाच हिशेब काही केल्या जुळेना. राजीनामा देऊन अडीच महिने झाले तरी शेवटचा पगार, शिल्लक रजा, ग्रॅच्युइटी, सगळं अडकलेलं. आणि शुक्रवार म्हणजे ताथवड्याच्या कॉलेजात लेकीची, तनुजाची, फी भरायची शेवटची तारीख. नाही भरली तर जागा गेलीच म्हणायची!

कंपनीच्या गेटवर नव्या वॉचमननं वही पुढं केली. भेटीचं कारण? रोहिदास पेन धरून उभाच राहिला. शेवटी लिहिलं, ‘स्वतःचे पैसे.’

ऑफिसातली श्रद्धा मॅडम मात्र गोड बोलली. “काका, नो ड्यूजच्या कागदावर टूल रूमची सही राहिलीय. तेवढी आणा, दोन दिवसांत पैसे खात्यात.”

हात्तिच्या, एवढंच? टूल रूमच्या खिडकीत तर मीरासाहेब! दोघं एकाच वर्षी लागलेले, एकाच डब्यात जेवलेले. पण मीरासाहेबानं सही करायच्या ऐवजी मागच्या फळीकडं बोट केलं.

“तुझा बिल्ला अजून लटकतोय बघ.”

तिथला नियम जुना. आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचं. हत्यार आणून दिलं की बिल्ला परत. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरच्या खुंटीला दोनशे सतराचा बिल्ला होता, आणि दोनशे सतरा म्हणजे रोहिदास.

“आरं पण माझ्याकडं न्हाई ते!”

“मग कुणाकडं हाय?”

“त्येच तर कळंना!”

“डोळं झाकून सही केली तर माझी नोकरी जाईल, राव,” मीरासाहेब म्हणाला.

रोहिदासनं लॉकर आठवला, पिशवी आठवली, स्कूटरची डिकी तीनदा उघडून बघितली. त्याच्या जागी आलेल्या शेखरला फोन लावला, तर त्यानं आईची शपथ घेतली. मग कुणी नेलं? पडलं? का मीराच काही लपवतोय? हे मनात आलं आणि रोहिदासला स्वतःचीच लाज वाटली.

पिंपळे गुरवला घरी येऊन त्यानं सगळी हकिगत सांगितली. बायको, जयमाला, शर्टाला बटण लावत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्ये खिशात घालायचं लोखंड व्हय? त्येच्या पायी दर महिन्याला तुमचा खिसा शिवायचे मी. दसऱ्यापासनं न्हाई फाटला.”

“दसऱ्यापासनं?”

“न्हाई, आदल्या दिवसापासनं. शर्टाला गुलाल लागलेला बगा.”

रोहिदास ताडकन उठला. खंडेनवमी! हत्यारांची पूजा! त्यानं स्वतःच्या हातानं मायक्रोमीटर कारखान्यातल्या देव्हाऱ्यात देवाच्या फोटोपुढं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि सुट्टीनंतर आकडे दाखवणारं नवं यंत्र हातात आलं. जुनं राहिलं ते राहिलंच.

बुधवारी मीरासाहेब त्याला मशीन शॉपमध्ये घेऊन गेला. देव्हाऱ्यात, हळदीकुंकवाच्या थराखाली, ते तिथंच होतं. रोहिदासनं हात घातला तसा शेखर धावत आला.

“अहो काका, तो देव आहे, हात नका लावू! आम्ही रोज पाया पडून मशीन सुरू करतो.”

रोहिदासचा हात तसाच राहिला. घ्यावं तर देवाचं, न घ्यावं तर पोरीची फी!

“नमस्कार कर आणि उचल,” मीरासाहेब म्हणाला.

खिडकीशी येऊन मीरासाहेबानं ते पुसलं, नंबर ताडून बघितला, वहीत ‘परत मिळाले’ लिहिलं आणि कागदावर सही ठोकली. दोनशे सतराचा बिल्ला खुंटीवरून निघाला. मग त्यानं स्वतःच्या खिशातला बिल्ला काढून त्याच खुंटीला अडकवला आणि मायक्रोमीटर शेखरच्या हातात दिलं.

“जा, होतं तिथं ठेव.”

“मीरा, आरं तुझ्या नावावर?” रोहिदासनं त्याचा हात धरला. “चार वर्षांनी तू रिटायर होशील तवा तुझा कागद अडंल की!”

“अडू दे. तवा तू ये,” मीरासाहेब म्हणाला, “कुठं ठेवलंय ते सांगायला.”