बिभीषण देवकत्याची डॉज

धर्मापुरीच्या उत्तरेश्वर देवकत्यांची उभी हयात परळीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यापाशी गेली. निवृत्त झाल्यावर माणूस शेतीत रमतो, नाहीतर गावकीत. हे मात्र मोबाइल घेऊन लिंबाखाली बसू लागले आणि एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागं लागले. एक्कावन्न सालच्या डॉज गाड्या अमेरिकेत एकूण बनल्या तरी किती?

गावाला वाटलं, म्हातारा चळला. मुलगी रोहिणी परळीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिलाही आधी हसू आलं.

"आबा, गाडी घ्यायचा इचार हाय का काय?"

"गाडी काय करायची मला? पर कळप केवढा व्हता ते कळल्याबिगर हरवलेलं मेंढरू हुडकायचं कसं, बाई?"

मग रोहिणी हसली नाही. आबांचा थोरला भाऊ बिभीषण त्या गाडीसोबत गेला होता, हे तिला ठाऊक होतं.

देवकत्यांचं घर मेंढरांचं. पण बिभीषणचं चित्त मेंढरांत कधी लागलंच नाही. गावचे जमीनदार अर्जुनराव यांच्याकडं डॉज होती, काळीभोर, पुढं चांदीसारखी जाळी. बिभीषण आधी ती धुवायला लागला, मग जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली चालवायला शिकला, आणि मिसरूड फुटायच्या वयात तिचं चाक त्याच्याच हातात आलं. एकदा त्यानं धाकट्या उत्तरेश्वरला शेजारी बसवून ओढ्यापासून वेशीपर्यंत आणलं. "वाजीव बे भोंगा," तो म्हणाला. उत्तरेश्वरनं दोन्ही हातांनी भोंगा दाबला. रस्त्यावरची सगळी शेरडं उधळली आणि भाऊ खो खो हसत सुटला. ते हसू अजून कानात होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर अर्जुनरावांनी गाडी हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला विकली. पोचवायला बिभीषण गेला. जाताना आईला, भिवराबाईला, म्हणाला, "दोन रोजात येतो." तो आलाच नाही. महिन्याभरानं वडील हैदराबाद गाठून आले. व्यापाऱ्यानं गाडी पुढं विकली होती. "तुमचा पोरगा गाडीसंगंच गेला, गाडी सोडायलाच तयार नव्हता," एवढंच त्यांना ऐकायला मिळालं. पुढं म्हणजे कुठं? कुणी मद्रास सांगितलं, कुणी नागपूर. वडिलांनी हाय खाल्ली. भिवराबाई मात्र मरेस्तोवर म्हणायची, "गाडी बिघडली आसंल. इलायती गाडी, दुरुस्तीला येळ लागतो."

उत्तरेश्वरांनी बांधलेला आडाखा साधा होता. गाड्या थोड्या बनल्या असतील, तर उरल्यासुरल्या शोधता येतील. गाडी सापडली, तर ती कुणी चालवली हेही कुणीतरी सांगेल. रोहिणीनं हुडकून हुडकून अमेरिकेतले वॉल्टर नावाचे एक वृद्ध गृहस्थ गाठले. जुन्या डॉजचे आकडे जमवणं हाच त्यांचा नाद. त्यांचा मेल आला तेव्हा रोहिणीनं तो ओसरीवर बसून वाचून दाखवला.

"ते म्हणत्यात, त्या साली लाखांनी गाड्या बनल्या."

"लाखांनी?" उत्तरेश्वर खाली बसले.

"थांबा आबा, म्होरं हाय. तुमच्याकडं ज्या आल्या त्या पेट्यांत सुट्या करून आल्या, मुंबईत जोडल्या. त्या किती, याचा येगळा आकडा त्यांनाबी आजवर घावला न्हाई. गाडीचा फोटो असला तर धाडा म्हणत्यात."

फोटो असलाच तर अर्जुनरावांच्या घरी. त्यांचा मुलगा अमरसिंह आता तालुक्याचा पुढारी, बैठकीत माणसांची ही गर्दी. तरी उत्तरेश्वरांना बघून तो उठला. "या मामा, बसा." डॉजचं नाव काढताच त्यानं आतून एक जुना अल्बम आणवला.

देवळासमोर गाडी उभी. बॉनेटवर हात ठेवून अर्जुनराव. आणि दाराशी, खांद्यावर फडकं टाकलेला, लाजून अर्धवट हसणारा एक पोरगा.

देवकत्यांच्या घरात बिभीषणचा एकही फोटो नव्हता. उत्तरेश्वरांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. त्यांच्या मनातल्या भावाला झुपकेदार मिशा होत्या. या पोराच्या ओठावर नुसती लव. इतक्या वर्षांत त्या मिशा त्यांनी स्वतःच वाढवल्या होत्या. आपल्यापेक्षा थोरला म्हणून ज्याची वाट बघितली, तो आपल्या रोहिणीपेक्षाही लहान निघाला.

"मामा, पाणी आणू का?" अमरसिंहानं विचारलं.

"न्हाई. जरा बसू द्या मला हितंच."

अमरसिंहानं गर्दीला हातानं थोपवलं. निघताना त्यानं फोटो अल्बममधून काढून उत्तरेश्वरांच्या हातात दिला.

रोहिणीनं तो वॉल्टरना पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. गाडी एक्कावन्न सालचीच. आपल्या इंटरनेटवरच्या यादीत भारताच्या रकान्यात आजवर काहीच नव्हतं, आता तिथं 'किमान एक' असं लिहितो आणि शेजारी हा फोटो लावतो. फोटोतल्या दोघांची नावं कळवाल का?

रोहिणी टाइप करता करता मराठीत सांगू लागली. "डावीकडं मालक अर्जुनराव. उजवीकडं बिभीषण मारुती देवकते, राहणार धर्मापुरी. तो गाडीचा ड्रायव्हर होता."

"व्हता कावून?" उत्तरेश्वर म्हणाले. "हाय लिव."

रोहिणीची बोटं थांबली. तिनं वडिलांकडं बघितलं आणि शब्द बदलला.

"आन खाली आपला फोन नंबर टाक. त्या गाडीपाशी कुणी आसंल, तर दिसंल त्याला."

ही गोष्ट गेल्या दिवाळीच्या आसपासची. फोटो अजून तिथंच आहे. तेव्हापासून उत्तरेश्वर अनोळखी नंबरचा फोन कधी कापत नाहीत. विमा विकणाऱ्या पोरीचंही सगळं बोलणं मुकाट ऐकून घेतात, आणि ती थांबली की हळूच विचारतात, "बाई, तुमी बोलता कोन्या गावावून?"